दप्तरातला माणूस : आपल्या पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

महाराष्ट्रात काही घरांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याला किती मुलगे, कोणाला कोणते वतन मिळाले, हे सारे त्यांत पिढ्यांच्या आकड्यांसह मांडलेले असते. तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या असतात. आपल्या माणसांचा कुलवृत्तांत कोणी लिहिला नाही. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही त्याचे नाव पंड्याच्या वहीत कोण लिहिणार? नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे वहीतली ती रिकामी जागा समजते.

मग आपले पूर्वज कोठे आहेत? ते सरकारी दप्तरात आहेत. जन्माच्या नोंदवहीत, मृत्यूच्या नोंदवहीत, शाळेच्या रजिस्टरात, जमिनीच्या फेरफारात. कोणी कौतुकाने त्यांना तिथे लिहिलेले नाही. राज्याला माणसे मोजायची होती, सारा वसूल करायचा होता, साथीचे मृत्यू कळायला हवे होते, म्हणून ते लिहिले गेले. तरीही ते तिथे आहेत. ते कसे शोधावेत, शोधल्यावर काय समजते आणि काय समजत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवते. माझे वडील बाजार समितीत माथाडी कामगार होते, आजोबा मुंबईच्या गोदीत. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. दरवर्षी जून-जुलै आला की माझ्याकडे विद्यार्थी येतात ते अभ्यासाच्या शंका घेऊन येत नाहीत. जात पडताळणीची फाईल घेऊन येतात. एखादा ऐरोलीत जन्मलेला असतो, एखादी तुर्भ्याच्या वस्तीत वाढलेली असते. पण कायदा विचारतो ते वेगळेच. १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचा पूर्वज कोठे राहत होता, आणि त्याची जात काय लिहिली होती? अनुसूचित जातींसाठी ही तारीख ठरलेली आहे, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. विमुक्त व भटक्या जमातींसाठी ती २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याने ती त्याच्यावर टाकली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात जुन्या, विशेषतः स्वातंत्र्यपूर्व कागदाचे वजन मोठे ठरले.

खोटी प्रमाणपत्रे घेऊन आपल्या जागा बळकावणारे आहेत, म्हणून पडताळणी हवी, हे मला मान्य आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीने पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद आणावा आणि तो प्रवेशाच्या मुदतीत आणावा, ही अपेक्षा कोणाकडून केली जाते आहे हेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली कुटुंबे इथल्या दगडखाणींत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला लागली. ती येताना भांडी आणि मुले घेऊन आली. कागद घेऊन कोण येणार?

१

शोधाची सुरुवात कचेरीत करू नये, घरात करावी. घरातल्या सर्वांत वयस्क माणसापाशी वही घेऊन बसावे. पूर्वजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव, तालुका, भाऊ किती, कोण कोठे गेले, कोण कोणत्या साथीत किंवा कोणत्या दुष्काळात वारले, हे लिहून घ्यावे. सन विचारू नये. सन त्यांना आठवत नाही. ‘बाबासाहेब गेले तेव्हा तुम्ही केवढे होता?’ असे विचारावे. उत्तर मिळते. नाव एकाच रूपात लिहू नये. घरातले नाव, गावाने ठेवलेले नाव, मुंबईत लावलेले नाव, अशी सारी रूपे टिपावीत, कारण दप्तरात कोणते भेटेल ते सांगता येत नाही.

त्यानंतर तालुका आणि जिल्हा त्या काळी कोणता होता ते पाहावे. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाण्यात होता. नवी मुंबई हे शहर तर ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या गावांवर उभे आहे. त्यासाठी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि इथली महानगरपालिका १९९२ सालची आहे. म्हणजे इथल्या एखाद्या मूळ गावातल्या माणसाची जुनी नोंद महापालिकेत शोधून भागत नाही. मराठवाड्याच्या माणसाला तर १९४८ पूर्वीचे निजामाचे दप्तर पाहावे लागते, आणि त्यात उर्दू आणि मोडी दोन्ही भेटतात.

आता कागद कोणते, ते क्रमाने सांगते.

पहिला, शाळेचे जनरल रजिस्टर. ग्रामीण भागात त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. त्यात नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि कारण असते. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. त्यापूर्वीच्या शाळा लोकल बोर्डाच्या. अस्पृश्यांच्या मुलांसाठी काही ठिकाणी वेगळी शाळा असे. म्हणून गावच्या शाळेत नाव मिळाले नाही तर ‘नाही’ असे समजून परतू नये. वेगळी शाळा होती का आणि तिचे रजिस्टर पुढे कोणत्या शाळेत जमा झाले, हे विचारावे.

दुसरा, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. महसुली भाषेत हा गाव नमुना नंबर १४, आणि लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जातात. अर्जात गावाचे नाव आणि वर्षांचा पट्टा द्यावा, उदाहरणार्थ ‘१९२० ते १९३५’, आणि नक्कल मागावी.

तिसरा, जमिनीचे कागद. सातबारा सर्वांना माहीत आहे, पण वंशावळीच्या दृष्टीने सातबाऱ्यापेक्षा फेरफार अधिक मोलाचा. खातेदार मेला की वारसाची नोंद होते, आणि त्या नोंदीत मेलेला, त्याची मुले आणि त्यांचे नाते एका ठिकाणी येते. महार वतनाच्या जमिनीवर ‘इनाम वर्ग ६ ब’ असा शेरा असतो. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. त्या वेळचे कागदही पाहावेत. मात्र काही गावांत वतन ‘समस्त महार’ अशा एकाच नावाने चढलेले दिसते. तिथे माणूस सापडत नाही, वाडा सापडतो.

चौथा, नोकरीचे कागद. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका यांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख आणि मूळ गाव असते. घरात कोणी लष्करात असेल तर तिकडेही विचारावे. १११ वी महार पलटण पहिल्या महायुद्धात, १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

मोडीची भीती वाटू देऊ नये. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते. आपल्या प्रत्येक महाविद्यालयातून दोन विद्यार्थी मोडी शिकले तरी तालुक्याचे काम भागेल.

२

आता हे कागद एकमेकांना कसे जोडायचे, ते माझ्याच घराच्या उदाहरणाने सांगते. माझ्या भावाच्या मुलीच्या प्रवेशासाठी कागद हवे होते आणि घरात आजोबांच्या एका जीर्ण दाखल्यापलीकडे काही नव्हते. आमचे मूळ गाव महाड तालुक्यात. एका कचेरीत आधी तोंडीच सांगण्यात आले की, इतके जुने काही नाही, वाळवीने खाल्ले. मी लेखी अर्ज दिला आणि ‘उपलब्ध नाही’ हेही लेखी द्या म्हटले. तिसऱ्या फेरीला वह्या निघाल्या.

आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती १ जून १९२७. १ जून ही आपल्या घरांतली फार मोठी जयंती आहे! शाळा जूनमध्ये उघडे, मास्तर मुलाकडे पाहून वय ठरवीत आणि तारीख १ जून टाकीत. ही तारीख म्हणजे जन्माचा पुरावा नव्हे. मास्तरांच्या अंदाजाचा पुरावा. म्हणून मी जन्मनोंदीकडे वळले.

जन्मनोंदीत एक मोठी अडचण असते. तिथे बहुधा मुलाचे नाव नसते. नोंद मूल जन्मल्यावर लगेच होई आणि नाव नंतर ठेवले जाई. म्हणून बापाचे नाव, आज्याचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढेच. माझ्या पणजोबांच्या नावावर मला चार जन्म मिळाले : १९२१ साली मुलगा, १९२५ साली मुलगा, १९२९ साली मुलगा, १९३२ साली मुलगी. यांपैकी आजोबा कोणते?

१९२७ हे साल खरे धरले तर एकही नोंद जुळत नाही. तेव्हा मृत्यूच्या वह्या पाहिल्या. १९२३ साली पणजोबांचा एक मुलगा वारल्याची नोंद होती : वय दोन वर्षे, कारण देवी. म्हणजे १९२१ चा मुलगा तो. मग १९४१ साली खुद्द पणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली : वय अंदाजे पन्नास, कारण ताप. त्यांच्या वाट्याच्या वतनी तुकड्यावर पुढच्या वर्षी वारस फेरफार झाला. त्यात दोन मुलगे नावानिशी होते, आधी आजोबा, नंतर त्यांचे धाकटे भाऊ. राहिलेले दोन मुलगे १९२५ आणि १९२९ चे. आजोबा थोरले, म्हणून १९२५ ची नोंद त्यांची. शाळेने त्यांचे वय दोन वर्षांनी कमी लावले होते.

असे हे गणित आहे. एकटी जन्मनोंद काही सिद्ध करीत नाही, एकटी शाळेची नोंदही नाही. जन्म, मृत्यू आणि वारस या तिन्ही नोंदी एकमेकींवर ठेवल्या म्हणजे माणूस उभा राहतो. विद्यार्थ्यांना मी हेच सांगते की, एकच जोरदार कागद शोधत बसू नका; लहान लहान चार कागद जमवा आणि त्यांच्यातली सांगड एका पानावर लिहून फाईलला जोडा. तारखांतला फरक लपवू नका, तो समजावून सांगा.

देवीने गेलेल्या त्या दोन वर्षांच्या मुलाविषयी आमच्या घरात कोणालाच काही माहीत नव्हते. आजोबा स्वतःला पहिला मुलगा समजत मेले. शंभर वर्षे तो मुलगा एका ओळीत पडून होता. पडताळणी समितीला त्याचे काही काम नाही, पण आमच्या घरच्या वहीत मी त्याला त्याची जागा दिली.

३

या नोंदींत नावे कशी लिहिली आहेत, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपल्या माणसाचे आडनाव बहुधा नसतेच. ‘अमक्या बिन तमक्या महार’ एवढी त्याची ओळख. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. जुन्या काळात नावाला ‘नाक’ हा शेवट असे; भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या महार सैनिकांच्या नावांत तो आजही वाचता येतो. नंतरच्या वह्यांत ‘नाक’ जाते आणि नावाच्या शेवटी तुच्छतेचा ‘या’ लागतो. त्याच पानावर, त्याच शाईने, वरच्या आळीतल्या माणसाला मात्र ‘राव’ किंवा ‘पंत’ लावलेले असते. लेखणी कोणाच्या हातात होती ते सांगायला आणखी पुरावा नको.

आडनाव पुढे मुंबईत येते, आणि ते पुष्कळदा गावावरून येते. म्हणून एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावे लावताना दिसतात. याचे सर्वांना परिचित उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे. घराण्याचे नाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, जन्म लष्करी छावणीत महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी. साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला ७ नोव्हेंबर १९०० रोजी, आणि त्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. एकाच माणसाच्या चरित्रात एवढी नावे आणि एवढी गावे येतात. हे रजिस्टर जपले गेले म्हणून महाराष्ट्र शासन २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळेच्या एका ओळीचे मोल किती असू शकते, हे यावरून कळावे. उद्या कोणी विचारले की, सकपाळ आणि आंबेडकर एकच कसे, तर उत्तर कागदांच्या सांगडीनेच द्यावे लागेल. आपल्या विद्यार्थ्यांपुढे रोज हाच प्रश्न असतो.

याहून अवघड प्रश्न जातीच्या रकान्याचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण धर्मांतर केले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ च्या जनगणनेत ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. दहा वर्षांत एवढ्या माणसांनी रकान्यातला शब्द बदलला. जगाच्या इतिहासात अशी लेखी क्रांती क्वचितच झाली असेल. शाळेच्या रजिस्टरात हे बदलणे स्पष्ट दिसते. आमच्याच घरात थोरल्या काकांपुढे ‘हिंदू महार’ लिहिले आहे आणि १९५७ नंतर जन्मलेल्या वडिलांपुढे ‘बौद्ध’. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती १९६० साली दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

आता विपर्यास पाहा. ज्या शब्दातून सुटण्यासाठी आपल्या आज्यांनी बाविसांची शपथ घेतली, तोच शब्द नात आज दप्तरात शोधत फिरते, आणि तो सापडला की तिला हायसे वाटते. काही तरुण कार्यकर्ते यावर चिडतात. हा सारा उद्योग म्हणजे जात उकरून काढणे आहे, असे ते म्हणतात. त्यांची चीड मी समजू शकते, पण मला तो निष्कर्ष पटत नाही. सवलत जातीच्या अभिमानाबद्दल मिळत नाही. झालेल्या अन्यायाबद्दल मिळते. आणि अन्याय झाला होता याचा लेखी पुरावा अन्याय करणाऱ्यांच्याच वहीत आहे. तो शब्द माझ्यासाठी ओळख नाही, साक्ष आहे. साक्ष जपावी लागते.

४

वहीतला दुसरा मोठा अन्याय स्त्रियांवरचा आहे. जन्मनोंदीत बाप आहे, आजा आहे, आई नाही. जिने मूल जन्माला घातले तिचाच पत्ता नाही. माझ्या पणजीचे नाव मला एकाच कागदात मिळाले, वारस फेरफारात. दोन्ही मुलगे अज्ञान होते, म्हणून त्यांच्या नावांपुढे ‘अ. पा. क. आई’ असे लिहून तिचे नाव आले. अ. पा. क. म्हणजे अज्ञानाचे पालन करणारी. नवरा मेला आणि मुलगे लहान राहिले, म्हणून राज्याला तिचे नाव कळले. मुले सज्ञान होताच ते नाव वगळले गेले असणार.

आणि १९३२ ची ‘मुलगी’? तिचे नाव कोणत्याही कागदात नाही. ती शाळेत गेली नाही, तिला वारस धरले नाही, लग्न होऊन ती दुसऱ्या गावच्या दप्तरात कोणाची तरी बायको झाली. तिचे नाव मला माझ्या आत्याने सांगितले. आमच्या घरी ते आता लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. तो चांगला आहे. पण मागच्या पिढ्यांतल्या आयांची नावे कोणतेही शासन लिहिणार नाही. ती आपल्यालाच लिहावी लागतील, आणि ज्या म्हाताऱ्यांना ती आठवतात त्या आहेत तोवरच.

यावरून दप्तराची मर्यादाही कळते. आमच्या घरी सांगत आले आहेत की, पणजोबा २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर होते. दप्तर याविषयी मुके आहे. त्या वेळी ते सुमारे छत्तीस वर्षांचे होते आणि मागच्या-पुढच्या जन्मनोंदींवरून त्यांचे बिऱ्हाड गावातच होते, एवढे मी सिद्ध करू शकते. त्यांनी पाणी प्याले की नाही ते नाही. माणसाचा ताप वहीत येतो, त्याचे धैर्य येत नाही. म्हणून तोंडी आठवण आणि कागद यांना एकमेकांचे शत्रू समजू नये. कागदाने आठवणीची तारीख तपासावी, आठवणीने कागदातला माणूस ओळखावा. पण कोणती गोष्ट कशावरून लिहिली, ते वहीत स्पष्ट नोंदवावे. ‘कागदावरून’ आणि ‘आत्याने सांगितल्यावरून’ असे दोन रकाने ठेवले तरी पुरे.

५

आपल्यापेक्षाही बिकट स्थिती भटक्या-विमुक्तांची आहे. ज्याला गाव नाही त्याला गाव नमुना कोठला? पारधी, कैकाडी, भामटा यांच्यासारख्या जमातींना १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल आले. सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांना ठेवले आणि हजेऱ्या घेतल्या. त्यांच्या पूर्वजांचा शोध घेताना जन्माच्या वहीपेक्षा पोलिसांची हजेरी आधी हाती लागते. पहारेकऱ्याचे रजिस्टर हाच ज्यांचा कुलवृत्तांत, त्यांच्याकडून वंशावळ मागताना समाजाने थोडी तरी लाज बाळगावी.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव याच जातीचा आहे. तिथल्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली गेली. तिच्यात मालकाचे नाव आहे. गुलामाचे बहुतेक वय, लिंग आणि रंग एवढेच. मुक्तीनंतर, १८७० च्या जनगणनेत, ही माणसे प्रथमच सर्वांसारखी नावानिशी आली. म्हणून तिथल्या काळ्या कुटुंबांचा शोध १८७० पाशी येऊन भिंतीला धडकतो आणि त्यापलीकडे मालकाचे कागद धुंडाळावे लागतात. आमच्या वहीतला ‘मुलगा’ आणि त्यांच्या यादीतला ‘पुरुष, वय दोन’ हे एकमेकांना ओळखतील. अलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ साली आले तेव्हा जगभर वाचले गेले. त्यातल्या वंशावळीवर पुढे अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. पण त्या पुस्तकामुळे लाखो सामान्य माणसे कचेऱ्यांत जाऊन आपली माणसे शोधू लागली. ते काम आपल्याकडे अजून सुरू व्हायचे आहे.

६

आता काय करावे, ते थोडक्यात मांडते.

पहिले, प्रत्येक विद्यार्थ्याने अकरावीतच हा शोध सुरू करावा; प्रवेशाची तारीख उद्यावर आल्यावर नव्हे. घरात वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर ते आधी शोधावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली अशा प्रमाणपत्राचे महत्त्व मान्य केले आहे, मात्र ते खोटेपणाने मिळवलेले नसावे. एका घरात एकाने केलेले कष्ट दहा जणांच्या उपयोगी पडतात.

दुसरे, तोंडी नकार घेऊन परतू नये. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हा लेखी शेरासुद्धा कागदच आहे, आणि तो फाईलला जोडता येतो. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा याच कामासाठी वापरावा.

तिसरे, महाविद्यालयात आणि बुद्धविहारात दप्तर-शोध गट तयार व्हावेत. मोडी वाचणारा एक, उर्दू वाचणारा एक, महसुली नमुने जाणणारा एक. विहारात रविवारी जमणाऱ्या म्हाताऱ्या बायका हे आपले पहिले पुराभिलेखागार आहे.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, मागणी राज्याकडे न्यावी. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जिल्ह्याजिल्ह्यांतली महसूल, शाळा, पोलीस यांची जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले गेले, सापडलेल्या नोंदी जिल्हा प्रशासनांनी संकेतस्थळांवर ठेवल्या. त्या मागणीच्या बऱ्या-वाईटाचा हा विषय नाही. यातून एक गोष्ट सिद्ध झाली की, राज्याने मनात आणले तर राज्य स्वतः नोंदी शोधू शकते. त्याच वहीच्या त्याच पानावर, दोन ओळी खाली, महार, मांग, चांभार, ढोर यांच्याही नोंदी आहेत. पान उघडलेच होते, तर त्या ओळीही का लिहून घेतल्या नाहीत? पुराव्याचे ओझे नागरिकावर टाकायचे आणि पुरावा मात्र आपल्या कपाटात ठेवायचा, हा न्याय नव्हे. गाव नमुना १४ च्या आणि शाळांच्या जुन्या रजिस्टरांच्या प्रती काढून त्या सर्वांसाठी खुल्या कराव्यात. महाडसारख्या गावाने २००५ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. कागद पाण्याची वाट पाहत नाही, आणि वाळवीला मुदतवाढ मागता येत नाही.

महाराच्या बलुत्याच्या कामांत एक काम मर्तिकाचा सांगावा पोचवण्याचे होते. गावात कोणीही मेले तरी त्याने उन्हातान्हात गावोगाव जाऊन ते सांगायचे. साऱ्या गावाच्या मरणाची वार्ता ज्याने वाहिली, त्याच्या स्वतःच्या जगण्याची वार्ता वाहायला कोणी नव्हते. ते काम आता आपले आहे. शिकलेल्या पहिल्या पिढीने नोकरी मिळवली, घर घेतले, मुले शाळेत घातली. त्याबरोबर एक वही घालावी आणि तीत आपली माणसे नावानिशी लिहावीत. ज्यांचे नाव मिळेल त्यांचे नाव लिहावे, आणि ज्यांचे मिळणार नाही त्यांच्यासाठी ओळ मोकळी सोडावी.